वाचक विचारतात : २६ जानेवारी आणि शेतावरचा स्वयंपाक

दिवाळीला फराळ, संक्रांतीला तिळगूळ, तसा २६ जानेवारीचा ठरलेला पदार्थ आपल्याकडे नाही. पण ही सुट्टी येते ती पिकांच्या ऐन भरात. रायगडात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, सोलापूर-बीड पट्ट्यात उशिरा पेरलेली ज्वारी हुरड्यावर असते, जळगावकडे भरताच्या वांग्यांचा हंगाम चालू असतो. सकाळचे झेंडावंदन आटोपले की माणसे शेताकडे निघतात ती त्यामुळेच. यंदा सर्वांत जास्त प्रश्न पोपटीबद्दल, म्हणजे मडक्यात पाला लावून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगांबद्दल आले, म्हणून सुरुवात तिथून.

पोपटी पहिल्यांदाच लावणार आहोत. आठ-दहा माणसे आहेत. मडके केवढे घ्यावे, शेंगा किती लागतील आणि क्रम काय?

एका मोठ्या मडक्यापेक्षा ८ ते १० लिटर पाणी मावेल अशी दोन मडकी घ्या. फार मोठ्या मडक्यात कडेचे होऊन जाते आणि मधले कच्चे राहते. दोन मडक्यांचा आणखी फायदा असा, की एक शाकाहारी ठेवता येते.

एका मडक्याला गावठी वालाच्या दीड किलो शेंगा, अर्धा किलो लहान बटाटे, एक-दोन रताळी किंवा कोनफळाचे तुकडे, पाच-सहा अंडी, तीन मोठे चमचे जाडे मीठ आणि एक मोठा चमचा ओवा. भांबुर्डा या वासाच्या रानझाडाचा पाला मात्र मोजू नका, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा भारा एका मडक्याला हवाच. रायगडात भातकापणीनंतर बांधांवर आणि मोकळ्या शेतात तो आपोआप उगवतो. काही गावांत त्यालाच भामरुड म्हणतात.

मडक्यावर टिचकी मारून पाहा. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे, ते मडके विस्तवावर फुटणार. मडके आतून-बाहेरून पूर्ण कोरडे असू द्या. ओल्या मातीत मुरलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि चांगले मडकेही तडकते.

शेंगा दाणे भरलेल्या पण हिरव्या हव्यात. किडक्या वेगळ्या काढा, बाकीच्या अख्ख्या ठेवा, शिरा काढू नका. माती असेल तर धुवा आणि कापडावर पसरून निथळू द्या. ओवा हातावर चोळून मिठात मिसळा.

आता मडक्याच्या तळाला चार बोटे जाडीचा भांबुर्डा दाबून बसवा आणि कडेनेही उभा लावा. त्यावर एक तृतीयांश शेंगा, थोडे ओवा-मीठ, मग बटाटे आणि रताळी, अगदी मध्यभागी अंडी, पुन्हा शेंगा आणि मीठ. मडके गळ्यापर्यंत भरले की तोंडात भांबुर्डा इतका गच्च कोंबा की मडके पालथे केल्यावर आतले काही हलणार नाही. मग ते साफ केलेल्या सपाट जमिनीवर पालथे ठेवा. भोवती काटक्या उभ्या रचा, बुडाशी चार-सहा गोवऱ्या लावा, वर सुके गवत, पेंढा किंवा माडाच्या सुक्या झावळ्या टाका आणि चारी बाजूंनी पेटवा. पहिली दहा मिनिटे जाळ बेताचा ठेवा, म्हणजे मडके सावकाश तापते. नंतर वीस-पंचवीस मिनिटे जाळ चढता हवा. पेंढा भसकन पेटतो आणि तेवढ्याच लवकर विझतो, त्यामुळे एका माणसाने जाळापाशीच थांबून हाताने थोडे थोडे जळण टाकत राहिले पाहिजे. मडके लावून सगळे गप्पांना गेले की पोपटी हमखास कच्ची राहते.

झाली का, हे पाहायला मडक्याच्या वरच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब उडवा. चर्र आवाज होऊन थेंब क्षणात सुकले आणि भांबुर्ड्याचा वास सुटला असेल तर जाळ बाजूला सारा. लगेच उलथू नका, पाच-सात मिनिटे तसेच राहू द्या. ओल्या गोणपाटाने धरून मडके आडवे करा, तोंड माणसांपासून लांब ठेवून पाला काठीने ओढा, कारण आतली वाफ थेट अंगावर येते. शेंगा केळीच्या पानावर ओता. वर्तमानपत्रावर नको, गरम आणि ओलसर पदार्थाला शाई लागते.

पोपटीत पाणी अजिबात का घालत नाहीत? आणि मागच्या वेळी आमच्या काही शेंगा जळल्या, मधल्या कच्च्याच राहिल्या, ते कशामुळे?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर वाफेत आहे. हिरव्या शेंगा, बटाटे आणि ताजा भांबुर्डा यांत पुरेसे पाणी असते. मडके तापले की त्याची वाफ होते, आणि मडके पालथे असल्यामुळे ती वर साठून राहते. तोंड जमिनीकडे आणि पाल्याने बंद, म्हणून बाहेर फारशी जात नाही. मिठाचा रस सुटतो तो खाली पाल्यात झिरपतो, तापलेल्या मातीवर जळत नाही. पाणी घातले तर शेंगा उकडल्यासारख्या बेचव होतात आणि भांबुर्ड्याचा वास दाण्यात उतरत नाही.

शेंगा जळतात त्या मडक्याच्या भिंतीला टेकलेल्या. कडेचा पाला पातळ होता किंवा शिळा, सुकलेला होता, एवढाच त्याचा अर्थ. सुक्या पाल्यातून वाफ निघत नाही, तो स्वतःच जळतो आणि शेंगांना जळका वास लागतो. मधल्या कच्च्या राहण्याची कारणे बहुतेक वेळा दोन : तोंडाचा पाला सैल बसवल्यामुळे वाफ निघून गेली, किंवा वाऱ्यामुळे एकाच बाजूने जाळ लागला. वारा असेल तर त्या बाजूला विटांचा किंवा पत्र्याचा आडोसा करा.

अर्धकच्चे वाल आग्रहाने खाऊ नका, पोट बिघडते. मडके पुन्हा लावण्यात अर्थ नसतो, कारण वाफ गेलेली असते. कच्च्या शेंगा पातेल्यात घालून वाटीभर पाण्यावर झाकण ठेवून शिजवा.

आमच्याकडे भांबुर्डा मिळत नाही. दुसरा कोणता पाला चालेल?

जळण्यापासून बचाव केळीच्या पानानेही होतो. तळाला आणि कडेला दुहेरी पान लावा, ओव्याचे प्रमाण दीडपट करा. हाती ओव्याची ताजी पाने असतील तर तीही मूठभर घाला. चव वेगळी येईल, पण चांगली येईल. गुजरातेत वलसाडकडे उंबाडियू नावाचा असाच मडक्यातला प्रकार करतात, तिथे पाला वेगळा असतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. उग्र वासाचे दिसले म्हणून बांधावरचे कोणतेही झुडूप मडक्यात घालू नका. घाणेरी, कण्हेर आणि रुई ही तिन्ही बांधावर सहज सापडतात आणि तिन्ही विषारी आहेत. पाल्याची खात्री ओळखणाऱ्या माणसाकडून करून घ्या. नाहीतर सरळ केळीचे पान.

पोपटीत चिकन घालायचे आहे. ते शेंगांबरोबर शिजते का?

शिजते, पण तुकडे लहान हवेत. अर्धा किलो चिकनचे अंड्याएवढे तुकडे करा आणि मांसल भागाला हाडापर्यंत चिरा द्या. आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचे घट्ट वाटण, हळद, मीठ आणि एका लिंबाचा रस लावून दोन तास मुरवा. हा वेळ प्रवासात जाणार असेल तर डबा बर्फात ठेवा. दही लावू नका, त्याचे पाणी सुटते आणि पुडीतून गळून शेंगांना लागते.

केळीचे पान विस्तवावरून फिरवून मऊ करा, नाहीतर घडी घालताना फाटते. एका पुडीत तीन-चार तुकडेच बांधा. केळीच्या सोपाची दोरी किंवा सुती दोरा वापरा, प्लास्टिकची सुतळी वितळते. पुड्या मडक्याच्या पोटात मध्यभागी ठेवा. ज्या मडक्यात चिकन आहे त्याला ४५ मिनिटे द्या.

उघडल्यावर सर्वांत जाड तुकडा मोडून पाहा. हाडाजवळ गुलाबी दिसले किंवा लालसर रस आला तर ती पुडी दुसऱ्या पानात गुंडाळून निखाऱ्यांवर आणखी पंधरा मिनिटे ठेवा. अंडी धुऊन, तडा नसलेली घ्या आणि भिंतीपासून दूर ठेवा. मडक्याला टेकलेले अंडे फुटते.

आम्ही किल्ल्यावर झेंडावंदन करून तिथेच पोपटी लावायचे ठरवले आहे. काही अडचण?

आहे. संरक्षित स्मारकात स्वयंपाक करायला मनाई आहे, आणि आपले बरेच गड संरक्षित आहेत. भोवतीचे जंगल राखीव असेल तर तिथे आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. जानेवारीच्या अखेरीस गडावरचे गवत वाळून पिवळे झालेले असते. एक ठिणगी पडली की अख्खा उतार पेटतो, त्यात पक्ष्यांची घरटी, रोपे आणि गुरांचा चारा जातो. झेंडावंदन गडावर करा, पोपटी पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी शेतात, विचारून लावा.

हुरडा नेमका कधी तयार होतो? आमच्या ज्वारीची कणसे हिरवी दिसतात, पण चोळली की लगदा होतो.

तुमचा दाणा अजून चिकात आहे. नखाने दाबून पाहा. पांढरे दूध उडाले तर आठ-दहा दिवस थांबा. दाणा मऊ दबला, आत ओलसर पिठूळ लागला आणि दूध आले नाही, तर तो हुरडा. दाबताना नख रुतेनासे झाले की वेळ गेली, ती ज्वारी आता खळ्यावरच जाऊ द्या. कणीस शेंड्याकडून बुडाकडे पिकत येते, म्हणून दाणा मधल्या भागातला तपासा. ही अवस्था एका शेतात आठवडाभर टिकते, फार तर थोडी जास्त. २६ जानेवारीला हुरडा हवा असेल तर पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरून चाला, आणि शक्य असेल तर आठ दिवसांच्या अंतराने दोन तुकडे पेरा.

वाणाचाही भाग आहे. गुळभेंडी, सुरती, कुचकुची ही जुनी हुरड्याची नावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले मधुर आणि परभणीच्या विद्यापीठाचा परभणी वसंत हे खास हुरड्यासाठी काढलेले वाण आहेत. यांचा दाणा गोड असतो आणि टरफल सहज सुटते. मालदांडीचाही हुरडा खातात, पण टरफल दाण्याला घट्ट धरून असते, चोळणाऱ्याचे हात दुखतात.

आगटी कशी करावी? आमचा हुरडा एक तर करपतो, नाहीतर टरफलासकट खावा लागतो.

जमिनीत वीतभर खोल आणि दीड हात रुंद खड्डा करा. त्यात दहा-बारा सुक्या गोवऱ्या उभ्या रचून पेटवा आणि थांबा. बहुतेकांचा हुरडा इथेच बिघडतो. ज्वाळा दिसत असताना कणीस घातले की वरचे टरफल जळते आणि दाणा आत कच्चा राहतो. ज्वाळा बसून गोवऱ्यांवर पांढरी राख धरली, की आगटी तयार. याला अर्धा-पाऊण तास लागतो. तो लागू द्या.

कणसे वीतभर दांड्यासकट कापलेली असावीत. पाच-सहा कणसे राखेत तिरकी खुपसा, दांडे बाहेर. दोन-तीन मिनिटांत दाणे तडतडू लागतात. दांडा धरून फिरवत राहा. सगळीकडून वास सुटला की बाहेर काढा, काठीवर आपटून राख झाडा आणि लगेच चोळा. गरम असतानाच टरफल सुटते, निवाल्यावर ते दाण्याला चिकटून बसते. म्हणून भाजणारा आणि चोळणारा अशी दोन माणसे हवीत, आणि चोळणाऱ्याचा हात रिकामा झाल्याशिवाय भाजणाऱ्याने पुढची कणसे घालू नयेत. एकावर एक रचून ठेवलेली भाजकी कणसे वाफेने ओली होतात आणि दाणा चिवट होतो.

चोळायला जाड गोणपाट किंवा वेताची टोपली बरी. सुपात पाखडून गरम गरम वाढा. माणशी चार-पाच कणसे धरा. सोबत लसूण-खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची सुकी चटणी, तीळ किंवा जवसाची चटणी, गूळ, गोडी शेव आणि दही. हुरडा पचायला जड असतो, वर ताक ठेवा, आले-मीठ घातलेले.

हुरडा नसेल तर त्याच आगटीत हरभऱ्याचा हुळा होतो. दाणे भरलेल्या घाट्यांची डहाळी राखेवर धरून घाटे काळपट होईपर्यंत फिरवायची, की झाले.

हुरड्याची कणसे आदल्या दिवशी शहरात आणून ठेवली तर चालतील का?

सकाळी कापलेली कणसे त्याच दिवशी भाजावीत. कापल्यानंतरही दाण्यातली साखर कमी होत जाते आणि ओल उडते, म्हणून शिळ्या कणसाचा हुरडा पिठूळ आणि फिका लागतो. आणायचीच असतील तर पहाटे कापा, दांडे लांब ठेवा, ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर तापतात.

खान्देशी भरिताला काड्यांवरच भाजलेली वांगी का लागतात? गॅसवर ती चव येत नाही.

काड्यांचा जाळ वांग्याला सगळीकडून एकदम वेढतो आणि धूर सालीतून आत उतरतो. गॅसवर एकेक बाजू भाजली जाते, तोवर दुसरी निवते, आणि धूर तर नसतोच. तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) सुक्या काड्यांचा थर द्या, त्यावर वांगी एकेरी मांडा, वर पुन्हा काड्या टाकून पेटवा. पंधरा-वीस मिनिटांत एकदा उलटून होऊन जाते. पऱ्हाटी घ्याल तर शेवटची फवारणी होऊन बरेच दिवस लोटलेल्या शेतातली घ्या.

वांगे भरताचेच हवे : हिरवट-पांढरे, मोठे, बिया कमी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घेताना हातात उचलून पाहा. आकाराच्या मानाने हलके लागले तर घ्या, जड असेल तर बिया भरल्या आहेत. भाजण्याआधी सुरीने तीन-चार ठिकाणी टोचा, नाहीतर फुटते.

साल गरम असतानाच काढा, हात अधूनमधून पाण्यात बुडवा, पण वांगे पाण्याखाली धरू नका, धुराची चव तिथेच धुऊन जाते. दोन किलो वांग्यांना शंभर ग्रॅम हिरव्या मिरच्या आणि दोन लसूणगड्ड्या त्याच जाळावर भाजून लाकडी बडगीत (ठेचायच्या भांड्यात) वांग्यांबरोबर ठेचा. मिरच्या तिखट असतील तर निम्म्याच घ्या. मग तेलात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात परतून त्यात भरीत घाला. जोडीला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुऱ्या.

विदर्भातले रोडगे घरी केले तर आतून कच्चे राहतात. प्रमाण सांगाल?

एक किलो जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेला १०० मिलिलिटर गरम तेलाचे मोहन, दोन चमचे मीठ, एक चमचा ओवा. पीठ घट्ट भिजवून अर्धा तास झाका. चार छोट्या पुऱ्या लाटून, प्रत्येकीला तेलाचे बोट लावून एकावर एक ठेवा आणि कडा आत दाबून गोळा वळा. गोळा मुठीपेक्षा मोठा नको, कच्चेपणाचे मुख्य कारण आकारच असतो.

वीस-पंचवीस गोवऱ्या पेटवून निखारे होऊ द्या, आगटीसारखेच. रोडगे निखाऱ्यांवर ठेवून सगळीकडून तांबूस करा, मग ते गरम राखेत पूर्ण पुरा आणि अर्धा तास हात लावू नका. बाहेरून झालेला दिसतो म्हणून घाईने काढलेला रोडगा आत चिकटच असतो. काढल्यावर जाड कापडात घालून घोळा, राख निघून जाते. फोडून त्यावर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी.

सोसायटीच्या गच्चीवर पोपटी लावता येईल का?

नका लावू. जाळाच्या धगीने स्लॅबचा वरचा थर तडकतो, गळतीरोधक लेप जळतो आणि धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो. घरी करायची तर जाड बुडाच्या पातेल्यात भांबुर्ड्याचा जाड थर द्या, फक्त अर्धी वाटी पाणी घाला, शेंगा-बटाटे भरा, वर पुन्हा पाला, घट्ट झाकण आणि त्यावर वजन. मोठ्या आचेवर पाच मिनिटे, मग मंद आचेवर अर्धा तास. धुराचा वास येणार नाही, भांबुर्ड्याचा येईल.

जेवण झाल्यावर आगटी तशीच सोडली तर विझते ना?

विझत नाही. गोवरीचा विस्तव राखेखाली दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो आणि दुपारच्या वाऱ्याने उघडा पडतो. बांधाला लागून उसाचे पाचट किंवा वाळलेला गहू असेल तर तेवढे पुरते. पेटवण्याआधीच भोवतालचे सात-आठ फूट गवत काढा आणि दोन बादल्या पाणी हाताशी ठेवा. निघताना राख काठीने पसरा, पाणी शिंपडा, ढवळा, पुन्हा शिंपडा, आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग लागत नाही हे पाहा. चुलीला ओढ्यातले ओले दगड लावू नका, त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात. विटा किंवा बांधावरचे कोरडे दगड घ्या. त्यांच्यावर पाणी ओतायचे ते मात्र पूर्ण निवाल्यावर, तापल्या दगडाचेही तुकडे उडतात.